फिक्सीचं मागचं स्प्रॉकेट सैल का होतं, आणि ते पक्कं कसं बसवायचं

मरीन ड्राइव्हवर रोज फिरवली तेव्हा काही नाही, आणि पेडर रोडवरून पहिल्यांदा गेलो तर उतारावर पेडल मागे सटकलं, ही तक्रार नवी फिक्सी, म्हणजे चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहणारी सायकल, घेतलेल्यांकडून वारंवार ऐकू येते. बहुतेकांना वाटतं हब, म्हणजे चाकाच्या मधला स्पोक जोडलेला भाग, खराब निघाला. बऱ्याचदा हब चांगलाच असतो. स्प्रॉकेट, म्हणजे हबवर बसणारं चेनचं दातेरी चाक, कधी पूर्ण बसलेलंच नसतं, आणि सपाट रस्त्यावर ते लक्षात येत नाही.

केम्प्स कॉर्नरकडून चढताना सीटवरून उठून जोर लावला, की स्प्रॉकेट आट्यांवर आणखी थोडं आत सरकतं. त्याला बाहेरून दाबून धरणारी लॉकरिंग मात्र होती तिथेच राहते. दोघांमध्ये फट पडते. माथा ओलांडून हाजी अलीच्या बाजूला उतरताना वेग आवरायला तुम्ही पेडलवर मागे जोर देता, तेव्हा स्प्रॉकेट त्या फटीइतकं उलटं फिरतं आणि लॉकरिंगवर आदळतं. पायाला जाणवतो तो झटका हाच. तो दुर्लक्षून महिनाभर सायकल चालवलीत, की आटे खरंच जातात, आणि मग मात्र हब खराब झालेला असतो.

हा लेख वाचून स्वतःच्या हाताने स्प्रॉकेट बसवता यावं, निदान दुकानात उभं राहून काम नीट होतंय का हे कळावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुढे ब्रेक लावा. शर्यतीच्या बंद ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतो, पण तिथे आडवी येणारी बेस्टची बस नसते. फिक्सीत मागचा सगळा ताबा त्या काही मिलिमीटर आट्यांवर असतो. ते सुटले की पाय फिरत राहतात आणि सायकल थांबत नाही. पुढचा ब्रेक नसलेली फिक्सी मुंबईच्या रस्त्यावर आणू नये, या मतावर मी ठाम आहे.

आधी हब ओळखा

मागचं चाक काढा, स्प्रॉकेटची बाजू वर करा आणि उजेडात बघा. खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली, म्हणजे स्पोककडची, मोठी. तिथे स्प्रॉकेट बसतं. माप १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे. आटे नेहमीचे, घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे. बाहेरची पायरी लहान, साधारण १.२९ इंचाची, तिलाही इंचाला २४ आटे, पण ते उलटे. तिथे लॉकरिंग बसते आणि ती घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होते.

सगळी मेख या उलट्या आट्यांत आहे. तुम्ही मागे जोर दिला की स्प्रॉकेट सुटण्याच्या दिशेने फिरू बघतं. ते लॉकरिंगला चिकटून असेल तर तिलाही सोबत ओढतं. पण लॉकरिंगसाठी ती दिशा घट्ट होण्याची आहे. म्हणजे स्प्रॉकेट जितकं सुटायचा प्रयत्न करेल तितकी लॉकरिंग त्याला दाबून धरेल. अट एकच, दोघांमध्ये फट नको.

आता फसवणारा प्रकार. साध्या फ्रीव्हीलच्या, म्हणजे पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणाऱ्या, हबवरही १.३७ इंच, २४ आटे असतात. त्यामुळे त्यावर फिक्सीचं स्प्रॉकेट छान फिरत जातं, आणि जुन्या सायकलीची फिक्सी करून देणारे बरेच जण हेच करतात. पण त्या हबवर दुसरी पायरीच नसते. मग स्प्रॉकेटवर बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या (क्रँकच्या) बेअरिंगची, रिंग चढवून आवळतात. तिचे आटे स्प्रॉकेटच्याच दिशेचे असतात. मागे जोर दिला की दोघं मिळून एकत्र सुटतात. इंग्रजी बोलणारे सायकलवाले अशा हबला ‘सुइसाइड हब’ म्हणतात. असा हब असेल तर त्यावर फ्रीव्हील लावा, दोन ब्रेक लावा आणि सिंगल स्पीड म्हणून आनंदाने चालवा. फिक्सी चालवायची तर ट्रॅक हब घ्या.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फिक्सींना दोन्ही बाजूंनी आटे असलेला फ्लिप-फ्लॉप हब असतो. एका बाजूला स्प्रॉकेट आणि लॉकरिंग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या बाजूला चुकून स्प्रॉकेट लावलेलं नाही ना, हे तपासा. बाहेरच्या कडेवरून नख फिरवलं तरी पायरी आहे की नाही ते समजतं.

लॉकरिंगचं मापही बघा. इटालियन पद्धतीच्या हबवर लॉकरिंग १.३२ इंचाची असते. ती १.२९ च्या आट्यांवर चढवली तर हाताला डुगडुगते, जोर लावल्यावर थोडी धरते आणि नेमक्या गरजेच्या वेळी घसरते. हाताने फिरवताना लॉकरिंग आडवी-तिरकी हलत असेल तर ती त्या हबची नाही.

काय काय लागेल

चेन व्हिप, म्हणजे लांब पट्टीला चेनचा तुकडा लावलेलं हत्यार. लॉकरिंगच्या खाचेत बसणारा हुक पान्हा. जुना टूथब्रश, थोडं रॉकेल, चिंध्या, ग्रीस. आणि खूण करायला नेलपॉलिश किंवा पेंट मार्कर. हत्यारं काळबादेवीच्या सायकल दुकानांत विचारा. हुक पान्हा तिथे नाही मिळाला तर नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारवाल्यांकडे जा, सोबत लॉकरिंग घेऊन जा आणि पान्ह्याचं टोक खाचेत पूर्ण बसतंय का ते तिथेच लावून बघा.

पान्हा नसला की छिन्नी खाचेला लावून हातोडीने ठोकायची पद्धत सगळीकडे आहे. “दादा, दोन ठोके मारले, आता नाही हलणार,” असं सांगून सायकल परत देतात. ठोक्याने लॉकरिंग थोडी फिरते हे खरं, पण खाच चेपते, कड उचलली जाते, आणि पुढच्या वेळी खरा पान्हाही तिथे धरत नाही. कुणी छिन्नी हातात घेतली तर नम्रपणे थांबवा. आपला पान्हा सोबत नेला तर कुणीही हसत नाही.

बसवण्याची रीत

आटे स्वच्छ करा. हबचे आणि स्प्रॉकेटचेही. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून गोल फिरवा, चिंधीने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग आट्यांकडे तिरक्या उजेडात नीट बघा. निरोगी आट्याची कड सलग, सारख्या उंचीची दिसते. बसकी, चपटी झालेली कड किंवा दोन आट्यांच्या खाचेत अडकलेला चंदेरी, केसासारखा बारीक कीस दिसला तर थांबा. तो कीस हबच्या अॅल्युमिनियमचा असतो. स्प्रॉकेट बहुधा स्टीलचं, हब अॅल्युमिनियमचा. झगडा झाला की हब हरतो.

दोन्ही आट्यांवर ग्रीसचा पातळ थर द्या. ग्रीस लावलं तर स्प्रॉकेट सुटेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. कोरड्या आट्यांवर तुमचा बराच जोर घासण्यात जातो, स्प्रॉकेट वाटेतच अडकतं आणि घट्ट झाल्याचा भास होतो. शिवाय आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. स्टील आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून असतील आणि मध्ये खारट ओल शिरली, तर अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. वरळी सी फेसवर पावसाळ्यात लाटांचे तुषार अंगावर घेत सायकल चालवली असेल तर हे मी वेगळं सांगायला नको.

आता स्प्रॉकेट हाताने चढवा. आधी ते हबवर सपाट ठेवून उलटं, म्हणजे सुटायच्या दिशेने हळूच फिरवा. आट्याचं तोंड जुळलं की हलकंसं ‘टक’ होऊन ते किंचित खाली बसतं. मग सरळ दिशेने फिरवा. शेवटपर्यंत बोटांनी गेलं पाहिजे. एक-दोन फेऱ्यांतच जड लागलं तर आटे तिरके चढलेत. पान्ह्याने रेटू नका, काढा आणि पुन्हा सुरुवात करा. तिरकं चढवलेलं स्प्रॉकेट जोराने आत घालणं हा हब संपवायचा सगळ्यात जलद मार्ग आहे.

हाताने थांबलं की चेन व्हिप. किती जोर लावायचा, याचा एक साधा हिशोब करू. समजा पुढे ४६ दात, मागे १६, क्रँक १६५ मिलिमीटर. चढावर तुम्ही पेडलवर ६० किलोचा भार टाकलात तर क्रँकवर साधारण ९७ न्यूटन-मीटरचा पीळ येतो. स्प्रॉकेटपर्यंत त्यातला ४६ पैकी १६ हिस्सा पोचतो, म्हणजे सुमारे ३४ न्यूटन-मीटर. चेन व्हिप हातात ३० सेंटीमीटरवर धरली तर एवढाच पीळ द्यायला साडेअकरा-बारा किलोचा जोर लागतो. म्हणजे चाक भिंतीला टेकवून, गुडघ्याने दाबून, दोन्ही हातांनी नीट ओढलं तर तुम्ही चढाइतकं आवळू शकता. मनगटाने दिलेला हलका हिसका मात्र पुरत नाही, आणि दुकानातून नवी सायकल आणताना बहुतेक वेळा तेवढाच दिलेला असतो.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. पुढचं दातेरी चाक (चेनरिंग) तेच ठेवून मागे १६ ऐवजी २० दातांचं स्प्रॉकेट लावलं तर त्याच ६० किलोला आट्यांवर ४२ न्यूटन-मीटर येतात. पायाला हलका गिअर, आट्यांना जड. नवखे लोक हलक्या गिअरने सुरुवात करतात, ते बरोबरच आहे. फक्त स्प्रॉकेट अधिक काळजीने आवळा.

काही जण चेन बॉटम ब्रॅकेटभोवती गुंडाळून, स्प्रॉकेट तिने धरून, अख्खं चाक मागे फिरवून आवळतात. चाकाचा व्यास मोठा म्हणून पीळ प्रचंड मिळतो. स्टीलच्या फ्रेमवर जाड चिंधी गुंडाळून हे चालतं. पातळ अॅल्युमिनियम किंवा कार्बन फ्रेमवर करू नका. सुरुवात करणाऱ्याला चेन व्हिपच बरी.

मग लॉकरिंग. घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, आधी हाताने शेवटपर्यंत, मग हुक पान्ह्याने चांगली दाबून. हुकचं टोक खाचेत पूर्ण बसवा आणि एका हाताने पान्ह्याचं डोकं लॉकरिंगवर दाबून ठेवा, नाहीतर पान्हा निसटतो आणि बोटं स्प्रॉकेटच्या दातांवर जातात.

शेवटी खूण. लॉकरिंगवरून स्प्रॉकेटच्या चेहऱ्यावर जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढा. दुसरी रेघ मागच्या बाजूने, स्प्रॉकेटपासून हबच्या अंगावर. ही दोन रेघांची सवय लावा. पुढे कुठलीही शंका आली की हबच उत्तर देईल.

चढ, आणि पुन्हा लॉकरिंग

इथे बरेच जण थांबतात, आणि नेमकं इथेच काम अर्धं राहतं. नवीन स्प्रॉकेट खऱ्या चढावर गेल्याशिवाय पूर्ण बसत नाही. एरवी वांद्र्यापासून कुलाब्यापर्यंत सपाटीवर वर्षभर फिरलात तरी जो जोर लागत नाही, तो वाळकेश्वर रोडने तीन बत्तीकडे चढताना दोन मिनिटांत लागतो. बोरिवलीकडच्या लोकांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे.

तर मुद्दाम चढावर जा. बसून नव्हे, उठून, सावकाश, पूर्ण वजन देत चढा. उतरताना मागे जोर अजिबात देऊ नका. पुढच्या ब्रेकने उतरा, किंवा सरळ पायी उतरा. मग कडेला थांबून रेघा बघा. हबवरची रेघ आणि स्प्रॉकेटवरची रेघ यांची टोकं सरकली असतील तर स्प्रॉकेट आत गेलं, आणि लॉकरिंग आता त्याला टेकलेली नाही. ती पुन्हा आवळा. घरी येऊन जुन्या रेघा पुसा, नव्या ओढा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढ. रेघ हलायची थांबली की स्प्रॉकेट बसलं.

हे सरकणं डोळ्याला किती छोटं असतं बघा. इंचाला २४ आटे म्हणजे एका पूर्ण फेरीत स्प्रॉकेट जेमतेम एक मिलिमीटर आत जातं. चढावर ते फेरीच्या विसाव्या भागाइतकं फिरलं तर फट पडते ०.०५ मिलिमीटरची, कागदाहूनही बारीक. पण त्या फटीमुळे पेडलवर जो ढिलेपणा येतो तो १८ मिलिमीटरच्या आसपास. डोळ्यांना न दिसणारी फट पायाला स्पष्ट जाणवते, म्हणून पायावर विश्वास ठेवा.

ढिलेपणा नक्की कुठला?

पुढून मागे जोर बदलताना ‘टक’ झालं, की लगेच हबला दोष देऊ नका. आधी चेन बघा. मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर एकूण एक ते दीड सेंटीमीटर हलली तर ठीक. त्याहून सैल असेल तर झटका चेनचाच असतो, आणि तो झटका आट्यांवरही पडतो. मग चेनरिंगचे बोल्ट, क्रँकचा बोल्ट, मागच्या एक्सलचे नट हे क्रमाने आवळून बघा. डावा क्रँक सैल असला तर आवाज अगदी स्प्रॉकेट सैल असल्यासारखाच येतो.

हे सगळं घट्ट आहे, तरी टक येते? मग सायकल उभी करा, मागचं चाक एकाने घट्ट धरा, दुसऱ्याने पेडल हाताने पुढे-मागे करा आणि नजर रेघेवर ठेवा. स्प्रॉकेट हबवर हलत असेल तर रेघ तिथल्या तिथे तुटेल आणि जुळेल. तेवढं दिसलं की सायकल चालवणं बंद. घरी जायला लोकल किंवा टेम्पो.

आटे गेलेच असतील तर

लॉकरिंग आवळताना थोडी घट्ट होते आणि मग अचानक मोकळी फिरते, हे आटे गेल्याचं लक्षण. स्प्रॉकेटचे आटे गेले की तेही चेन व्हिपला न अडता फिरतच राहतं. फक्त लॉकरिंगचे आटे झिजले असतील तर आधी नवी लॉकरिंग लावून बघा, कारण कधी कधी रिंग गेलेली असते, हब नाही. हबचे गेले तर त्याला खरा उपाय म्हणजे नवा हब. थ्रेड लॉकर, एम-सील, आट्यांत गुंडाळलेली पत्र्याची पट्टी, यांतलं काहीही वेगात मागे दिलेल्या जोरापुढे टिकत नाही.

वेल्डिंग करून देतो म्हणणारेही भेटतील. अॅल्युमिनियमच्या हबवर स्टीलचं स्प्रॉकेट वेल्डिंगने जोडता येत नाही. स्टीलच्या हबवर जोडता येतं, पण त्या उष्णतेने बेअरिंगच्या वाट्यांचं आणि दातांचं पाणी (कडकपणा) उतरतं, आणि दात झिजले की अख्खा हब फेकावा लागतो.

नवा हब घ्यायचाच असेल तर एक वेगळा पर्यायही आहे. सहा बोल्टच्या डिस्क ब्रेकच्या हबवर, डिस्कच्या जागी, बोल्टने बसणारं फिक्सीचं स्प्रॉकेट मिळतं. त्यात आटे सुटण्याचा प्रश्नच राहत नाही. चेन सरळ रेषेत येते का, हब फ्रेमच्या मापात बसतो का आणि रिम फ्रेममध्ये मधोमध आहे का, एवढं मात्र आधी मोजून घ्या.

स्प्रॉकेट विकत घेताना आटे असलेली कड किती रुंद आहे ते बघा. पातळ पत्र्यातून कापलेल्या स्वस्त स्प्रॉकेटला दातांच्याच जाडीइतके आटे मिळतात, जेमतेम तीन-चार. चांगल्या स्प्रॉकेटला आत वाढवलेली रुंद कड असते, त्यामुळे जास्त आटे हबला धरतात. पैसे वाचवायचे तर टेपवर, ग्रिपवर वाचवा, इथे नको. चेन सरळ यावी म्हणून स्प्रॉकेटच्या मागे वॉशर घालण्याची युक्तीही टाळा. जितका वॉशर तितके आटे कमी, आणि लॉकरिंगलाही धरायला जागा उरत नाही.

पावसाळा आणि काढणी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा लॉकरिंगवर पान्हा लावून बघा. चिखल आणि वाळू लॉकरिंगच्या कडेला साचते ती ब्रशने काढा, पण पाण्याचा जोरदार फवारा हबवर मारू नका, बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं. खड्ड्यातून गेल्यावर चेन सैल वाटली तर एक्सल सरकलाय का तेही बघा. पाऊस संपला की स्प्रॉकेट एकदा पूर्ण काढून, आटे पुसून, नवं ग्रीस देऊन परत बसवा. दोन-तीन पावसाळे न काढलेलं स्प्रॉकेट कधी कधी इतकं जखडतं की सोडवतानाच आटे जातात.

काढताना क्रम उलटा आणि दिशाही. आधी लॉकरिंग, घड्याळाच्या दिशेने. इथे हमखास गोंधळ होतो. सवयीने उलटं फिरवत ती अजूनच आवळली जाते. लॉकरिंग पूर्ण बाहेर आल्यावरच स्प्रॉकेटला चेन व्हिप लावा आणि घड्याळाच्या विरुद्ध ओढा. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल आट्यांच्या कडेला सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा प्रयत्न करा. परत बसवल्यावर नव्या रेघा ओढा, आणि स्प्रॉकेट जुनंच असलं तरी एकदा चढावर नेऊन आणा.